काचपट्ट्यांचे श्रेय : मार्त गोतिए यांच्या निवेदनाचे परीक्षण

राम गणेश गडकरी यांचे देहावसान सावनेर येथे 23 जानेवारी 1919 रोजी झाले. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले, अपुरेच छापले गेले, तथापि ते गडकऱ्यांचेच राहिले. ‘एकच प्याला’तील पदे वि. सी. गुर्जरांची, ही गोष्टही मराठी वाचकापासून लपलेली नाही. वाङ्मयात कर्तृत्वाची अशी विभागणी सहज होते. प्रयोगशाळेत ती का होत नाही, हा प्रश्न फ्रेंच डॉक्टर मार्त गोतिए यांचे 2009 मधील निवेदन वाचताना उभा राहतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाच्या पेशींत 46 ऐवजी 47 गुणसूत्रे असतात, या शोधाच्या पन्नासाव्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. लेखिकेचे वय तेव्हा 83 होते.

निवेदनाचा उत्तम भाग साधनसामग्रीविषयीचा आहे. शेतकरी कुटुंबातील ही तरुण बालरोगतज्ज्ञ 1955–56 मध्ये बोस्टनला हृदयरोगाच्या अभ्यासासाठी गेली आणि तेथे पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकून आली. मनुष्याची गुणसूत्रे 46, हे जो हिन त्यो व आल्बर्ट लेव्हान यांनी 1956 मध्येच दाखविले होते. पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयात प्राध्यापक रेमाँ तुर्पँ यांच्या विभागात तिने हे काम अंगावर घेतले, तेव्हा तिला एक खोली, एक शीतपेटी, एक अपकेंद्रित्र आणि एक सुमार सूक्ष्मदर्शक एवढेच मिळाले. अनुदान नव्हते. काचसामान तिने स्वतः कर्ज काढून आणले. रक्तरसासाठी कोंबडा पाळला. मानवी रक्तद्रव हवे तेव्हा स्वतःचे रक्त काढले. हा सर्व तपशील तक्रारीच्या सुरात नव्हे, तर हिशेबाच्या वहीसारखा येतो, आणि म्हणूनच तो पटतो.

1958 मध्ये 47 वे गुणसूत्र दिसले, परंतु त्याचे छायाचित्र घेईल असे यंत्र तिच्यापाशी नव्हते. त्याच विभागातील तरुण संशोधक जेरोम लेझन काचपट्ट्या छायाचित्रणासाठी घेऊन गेले. त्या परत आल्या नाहीत, असे गोतिए सांगतात. 26 जानेवारी 1959 च्या टिपणात लेझन यांचे नाव प्रथम, तुर्पँ यांचे शेवटी. मधले नाव ‘मार्त’ऐवजी ‘मारी’ असे पडले आणि आडनावाचे वर्णही चुकले.

येथून पुढे निवेदनाची पकड सैल होते. अर्धशतकानंतर दुसऱ्याच्या मनातील हेतू सांगणे हे कोणत्याही स्मृतीला न पेलणारे काम आहे, आणि लेझन 1994 मध्येच वारले असल्याने त्यांना उत्तर देता येत नव्हते. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने हे कथन अमान्य केले आहे. फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने 2014 मध्ये, शोधाच्या आरंभी लेझन यांचा वाटा प्रधान असणे संभवत नाही, असा अभिप्राय दिला. मात्र शोधाच्या पुढील प्रसारातील त्यांचे कार्य समितीने मान्य केले. वादाचे स्वरूप दोन व्यक्तींचे झाले, हेच खरे दुर्दैव. लेझनही तेव्हा उमेदवारीतच होते. कर्ज काढणाऱ्या तरुणीला छायाचित्राचे यंत्र मिळवून देणे आणि नावांचा क्रम ठरविणे, ही दोन्ही कर्तव्ये विभागप्रमुखाची होती; निवेदन तुर्पँ यांच्याकडे मात्र सौम्यपणे पाहते. टीकेचा रोख जेथे हवा होता तेथे लेखणी आखडते.

नागपूरच्या वाचकास हे परके वाटू नये. मध्य भारतातील दात्रपेशी-गुणधर्माविषयीचे शुक्ल व सोळंकी यांचे टिपण ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले तेही 1958 सालीच. आनुवंशिकतेचे प्रश्न विदर्भात जुने आहेत; सावनेरसारख्या गावातून विज्ञानाची पदवी घेऊन नागपुरास येणारा विद्यार्थी या विषयाकडे वळेल, तर त्याला प्रथम लागेल ती छात्रवृत्ती, संवर्धनाची द्रव्ये आणि चालू स्थितीतील सूक्ष्मदर्शक. कोंबड्याची गरज आता उरली नाही. रक्ताच्या थोड्या नमुन्यावर सुमारे 72 तासांत संवर्धन होते. परंतु काचपट्टी कोणी तयार केली, ती कोणाकडे गेली आणि केव्हा परत आली, याची नोंद विभागाच्या वहीत होते किंवा नाही, हे त्याने प्रवेश घेतानाच विचारावे. गोतिए यांनी या विषयाकडे पाठ फिरविली, आणि त्या बालहृदयरोगाकडे परतल्या.