कलापथक आणि पाण्याचा प्रश्न

तरुणांनी संघटितपणे उभारलेल्या कलाकार्याचे मूल्यमापन आपल्याकडे बहुधा हेतूवरून होते, संहितेवरून क्वचितच. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकालाही हाच न्याय मिळाला. वसंत बापटांसारखा कवी आणि निळू फुल्यांसारखा नट तेथे घडला, हे गौरवाने सांगितले जाते. पथकाने तमाशाच्या घडणीत कोणता फेरफार केला, हा समीक्षेचा खरा विषय मात्र बाजूस राहतो.

पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य या दृष्टीने पाहावे. ते पुढारीपणाची थट्टा करते आणि हसणारा प्रेक्षक, आपणच कोणाला मोठे केले हे ओळखून हसतो. बोधपर संवादांच्या वगास हे साधत नाही. त्यात सोंगाड्या प्रचारक होतो आणि वग तेथेच संपतो.

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ तालुक्यात ही कसोटी आज अधिक निकडीची ठरते. साकोळ आणि घरणी हे प्रकल्प याच तालुक्यातले. तरीही २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तो हाच जिल्हा. अशा मुलखात झाडे लावणाऱ्या, चर खोदणाऱ्या तरुणांनी पथनाट्य रचले, तर थेंब वाचवण्याचा उपदेश पुरणार नाही. उसाला पाणी किती आणि पिण्याला किती, हा वाद वगळलेले नाटक निरुपद्रवी असते. (निरुपद्रवी नाटकाला पुढारीही टाळ्या देतात.) ऊस लावणारा बागाईतदार पहिल्या रांगेत बसला असता सोंगाड्याने त्याला काय विचारावे, हे ज्या संहितेत ठरलेले नाही, तिला लोकनाट्य म्हणणे प्रस्तुत लेखकास कठीण वाटते.