गिरणीचा संघ कुणाचा?

पंजाबातील फगवाड्याच्या जगतजित कॉटन टेक्स्टाइल मिल्सने, म्हणजे जेसीटीने, 1971 साली फुटबॉलचा संघ उभा केला आणि 2011 साली तो मोडला. या चाळीस वर्षांविषयी जे लिहिले जाते त्यात हळहळ पुष्कळ; प्रश्न जवळजवळ नाहीच. मालकाने संघ ‘दिला’, मालकाने तो ‘काढून घेतला’, आणि लिहिणारा दोन्ही वेळी हात जोडून उभा! हा सरंजामी संस्कार आपण तपासला पाहिजे.

संघ थोर होता, यात वाद नाही. सत्तरीत इंदरसिंग या संघातून खेळला. 1995 व 1996 असा लागोपाठ फेडरेशन कप, आणि 1996-97 साली पहिलीच राष्ट्रीय लीग जेसीटीने जिंकली. सुखविंदरसिंग प्रशिक्षक, बायचुंग भुतिया सर्वाधिक गोल करणारा, सोबतीला आय. एम. विजयन. कलकत्ता आणि गोव्याच्या मिरासदारीला एका कापडगिरणीने धक्का दिला होता.

मग 2010-11 च्या मोसमात संघ आय-लीगमधून खाली घसरला आणि लगेच गुंडाळला गेला. खेळाला दूरचित्रवाणीवर प्रेक्षक नाही, कंपनीला प्रसिद्धीचा लाभ नाही, असा व्यवस्थापनाच्या म्हणण्याचा आशय होता. निदान हे तरी सरळ बोलणे झाले! चाळीस वर्षांचा घाम अखेर जाहिरातीच्या खात्यावर मांडला गेला आणि तोट्यात निघाला. फगवाड्याच्या माणसाने ज्याला ‘आपला’ म्हटले, त्या संघाच्या कागदावर त्याचे नाव कुठेच नव्हते.

आपल्याला हे नवे नाही. मफतलाल, ऑर्के या गिरण्यांचे संघ मुंबईच्या मैदानावर गाजले. 1982 च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले ते सांगायला नको. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 साली तोही संघ बंद झाला. तेव्हा दोष एका मालकाच्या लहरीचा नाही. मैदान, चेंडू आणि खेळाडूची भाकरी एकाच्याच मुठीत असली की असेच व्हायचे.

विजयनची गोष्ट तर आपले क्रीडालेखक फार गोड करून सांगतात. त्रिशूरच्या मैदानावर सोडा विकणारा पोरगा भारताचा कर्णधार झाला! खरेच झाला. पण त्या पोराने सोडा का विकला, हे विचारायचे सोडून आपण त्याच्या गरिबीलाच पदक घालतो. आणि एक तपशील या गोष्टीतून नेहमी गळतो. विजयनला आधी घेतले ते केरळ पोलिसांच्या संघाने, तेही नोकरीसह. मोठे क्लब, जेसीटी, गोवा असा सगळा फेरा करून तो पुन्हा त्याच नोकरीत गेला. जेसीटी 2011 साली संपली. विजयन 2025 साली पोलीस अधिकारी म्हणून निवृत्त झाला.