भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका आणि समीक्षेची भाषा

एम.ए. मराठीच्या अभ्यासक्रमात भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका गेली अनेक दशके आहे. तिच्या असण्याबद्दल आता कोणी वाद घालत नाही. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी ती तेथे नेमकी कशाकरिता आहे, या प्रश्नाचे उत्तरही फारसे कोणी देत नाही. सोस्यूरने केलेली भाषाव्यवस्था आणि भाषण ही विभागणी, ब्लूमफील्डची वर्णनपद्धती, चॉम्स्कीचे रचनांतरणवादी व्याकरण, स्वनिम आणि स्वनांतर यांच्या व्याख्या, भाषाकुलांचे वर्गीकरण आणि शेवटी 'टिपा लिहा' असा तिचा सर्वपरिचित प्रवास आहे. विद्यार्थी एका सत्रापुरती ही संज्ञावली सांभाळतो आणि पुढच्या सत्रात कादंबरीकडे वळताना ती मागे ठेवून जातो. हे केवळ अध्यापनातील उणेपण असते, तर त्याची चर्चा अभ्यासमंडळाच्या बैठकीपुरती ठेवता आली असती. परंतु साहित्यकृतीच्या भाषेविषयी बोलताना मराठी समीक्षा आजही विशेषणांपाशी थांबते, याचे एक महत्त्वाचे कारण याच अभ्यासपत्रिकेत आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मराठीत या ज्ञानशाखेची परंपरा दुबळी नाही. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ वा. गो. परांजपे यांच्या अनुवादामुळे १९४१ पासून मराठी वाचकाला उपलब्ध आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने विसाव्या शतकाच्या मध्यापासून आधुनिक भाषाविज्ञानाचे अध्ययन येथे रुजविले. ना. गो. कालेलकरांनी हा विषय प्रसन्न मराठीत मांडला, तर अशोक रा. केळकरांनी भाषाविचार आणि साहित्यविचार यांच्यातील सीमारेषेवर आयुष्यभर काम केले. अ. म. घाटगे यांनी १९६३ पासून कुडाळी, महाडची कुणबी, काणकोणची कोंकणी, कासरगोडची मराठी अशा बोलींची वर्णने क्रमाने प्रसिद्ध केली.

याच दशकाच्या आरंभी उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) आली आणि बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) हा कथासंग्रह आला. १९७१ साली आनंद यादवांच्या 'गोतावळा'ने बोलीला संपूर्ण निवेदनाचे स्थान दिले. म्हणजे बोलींचे शास्त्रीय वर्णन आणि बोलींचे साहित्यात येणे या दोन घटना महाराष्ट्रात जवळजवळ एकाच वेळी घडत होत्या. त्या दोन्हींची भेट होण्याची स्वाभाविक जागा म्हणजे पदव्युत्तर वर्ग. तेथे मात्र भाषाविज्ञान एका अभ्यासपत्रिकेत आणि ग्रामीण व दलित साहित्य दुसऱ्या अभ्यासपत्रिकेत अशी वाटणी झाली. भालचंद्र नेमाडे यांच्या 'साहित्याची भाषा' (१९८७) यासारखे पुस्तक हाताशी असूनही ही भिंत फारशी हलली नाही. 'रांगडी', 'जिवंत', 'मातीचा गंध असलेली', 'अस्सल' ही विशेषणे त्या भिंतीच्या सावलीत वाढली.

ही विशेषणे खोटी नसतात. ती अपुरी असतात. कारण ती भाषेविषयी काही सांगत नाहीत, वाचकाच्या मनावर झालेल्या परिणामाविषयी सांगतात. परिणामाकडून कारणाकडे जाण्यासाठी निरीक्षणाची शिस्त लागते आणि ती शिस्त व्याख्येने येत नाही. स्वनिमाची व्याख्या पाठ असलेल्या विद्यार्थ्याला 'चार' ही संख्या आणि 'गाईला चार' यातील आज्ञार्थ हे दोन शब्द मोठ्याने म्हणावयास सांगावेत. देवनागरी दोन्हींसाठी एकच 'च' लिहिते. त्याचे तोंड मात्र पहिल्या वेळी तालव्य आणि दुसऱ्या वेळी दंततालव्य उच्चार करते. 'थोडे' या अर्थाचा 'जरा' आणि 'वार्धक्य' या अर्थाचा 'जरा' यांतही हाच भेद आहे. याउलट 'उंच' आणि 'उंची', 'माझा' आणि 'माझी' या जोड्यांत उच्चार बदलतो तो पुढे येणाऱ्या स्वरामुळे, अर्थभेदासाठी नव्हे. मग हे दोन स्वतंत्र स्वनिम मानावयाचे की एकाच स्वनिमाची स्वनांतरे? या प्रश्नाशी झगडलेला विद्यार्थी स्वनिम ही संकल्पना पुन्हा विसरत नाही. शिवाय लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

याहून अधिक महत्त्वाचे उदाहरण पदविचारातले आहे. प्रमाण मराठीत 'त्याने पोळी खाल्ली' या वाक्यात कर्त्याला प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. 'मी पोळी खाल्ली' या वाक्यातही क्रियापद कर्माप्रमाणेच चालते. पण कर्ता मात्र 'मी' असा, म्हणजे 'मी पोळी खातो' या वाक्यातल्यासारखाच राहतो. प्रथम आणि द्वितीय पुरुषी एकवचनात प्रमाणभाषेने कर्त्यावरील ही खूण गमावली आहे. जी बोली 'म्या खाल्ली' म्हणते, तिने ती राखली आहे. ज्ञानेश्वरीच्या भाषेतील 'मियां' आणि एकोणिसाव्या शतकातील लेखनातही आढळणारे 'म्यां' हे या रूपाचे पूर्वज होत. आणखी काही बोली 'मीनं' म्हणतात. 'त्यानं' या रूपाच्या सादृश्याने त्यांनी तीच रिकामी जागा नव्याने भरून काढली आहे. एक बोली जुने सांभाळते, दुसरी नवे घडविते. शाळेत मात्र दोन्ही रूपांवर लाल शाईची एकच रेघ पडते.

जो विद्यार्थी घरी 'म्या' म्हणतो आणि एम.ए.च्या वर्गात येईपर्यंत ते रूप लपविण्यास शिकलेला असतो, त्याच्या दृष्टीने हे विवेचन केवळ माहितीपर नाही. 'सर्व बोली भाषावैज्ञानिक दृष्ट्या समान असतात' हे वाक्य तो परीक्षेत लिहितो, गुण मिळवितो आणि मनात त्यावर विश्वास ठेवीत नाही. कारण त्याच महाविद्यालयात त्याचे 'पानी' आणि 'कोन' हसण्यावारी गेलेले असते. समानतेचे विधान त्याला पटते ते त्याच्याच बोलीतील नियमबद्धता त्याच्या हाताने उघडी झाली तर. अर्थात येथे शिक्षकाने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : भाषाविज्ञान समानता सांगते ती रचनेची; समाज बोलींना देतो ती किंमत समान नसते. उत्तरपत्रिका प्रमाणभाषेतच लिहावी लागणार आहे. यातील पहिले सत्य सांगून दुसरे झाकणे ही भाबडी उदारता होय, आणि दुसरेच सांगून पहिले दडविणे हा अन्याय होय.

आता समीक्षेकडे वळू. एखाद्या ग्रामीण कथेतील पात्र 'म्या खाल्ली' म्हणते आणि दुसऱ्या कथेतील पात्र 'म्या येतो' म्हणते. दोन्ही ठिकाणी समीक्षक 'बोलीचा अस्सल वापर' अशीच नोंद करतो. वस्तुतः पहिल्या वाक्यात 'म्या' हे रूप व्याकरणातील आपले काम करते आहे. दुसऱ्यात ते काम उरलेले नाही. मग दोन शक्यता संभवतात. एक तर त्या परिसराच्या बोलीतच हे रूप सर्व काळांत पसरलेले असेल, किंवा लेखकाने बोलीचा केवळ वेष चढविला असेल. यांतले खरे कोणते, हे त्या परिसरातील बोलणे ऐकल्याशिवाय ठरणार नाही. परंतु हा प्रश्न पडणे हीच समीक्षेच्या दृष्टीने मोठी प्राप्ती आहे; 'अस्सल' या शब्दाला येथे प्रथमच तपासता येईल असा आशय मिळतो.

असेच निवेदनाबाबत म्हणता येईल. 'धग'मध्ये वऱ्हाडी मुख्यतः पात्रांच्या संवादांत नांदते. 'गोतावळा'त नारबाची बोली हीच निवेदनाची भाषा आहे. हा फरक अभ्यासक नोंदवितात. परंतु बोलीतील कोणते विशेष लेखकाने उचलले आणि कोणते सोडले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. शब्द सहज उचलले जातात, पदरूपे त्याहून कमी, वाक्यरचना आणखी कमी. आणि स्वराघात व सूर लिपीत उतरतच नाहीत. लेखकाची निवड या क्रमात कोठवर पोहोचते, यावरून त्याचे बोलीशी असलेले नाते कळू शकते. शैलीची चर्चा या पातळीवर आली, तरच ती मूल्यमापनाला आधार देऊ शकेल.

यावर एक आक्षेप संभवतो. पात्रता परीक्षा वस्तुनिष्ठ प्रश्नांची आहे. संज्ञा आणि नावे ठाऊक नसतील तर विद्यार्थ्याचे नुकसान होईल. आक्षेप रास्त आहे. परंतु संज्ञा काढून टाका असे येथे सुचविलेले नाही. त्यांचा क्रम बदला, एवढेच सुचविले आहे. सामग्री आधी, संज्ञा नंतर. गरज निर्माण झाल्यावर आलेली संज्ञा लक्षात राहते, हा अध्यापनातला साधा अनुभव आहे. दुसरा आक्षेप असा की, असे काम शिकविण्यास प्रशिक्षित अध्यापक कोठून आणावयाचे? त्याचे उत्तर अवघड आहे, आणि केवळ उद्बोधन वर्गांनी ते मिळणार नाही. तथापि 'मी' आणि 'म्या' यांतील भेद ऐकण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आणि वर्गात चार तालुक्यांतील विद्यार्थी असतील तर सामग्री समोरच बसलेली असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर भाषेच्या प्राचीनतेविषयी बोलण्याला स्वाभाविकच जोर आला आहे. त्या प्राचीनतेचा एक पुरावा 'म्या'च्या रूपाने आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर गप्प बसलेला आहे, याचीही जाणीव ठेवावयास हवी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या (२०२०) चौकटीत पदव्युत्तर अभ्यासक्रमात शोधप्रकल्पाला जागा मिळाली आहे. ती भाषाविज्ञानाने घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील वा गावातील बोलण्याचा अर्ध्या तासाचा ध्वनिमुद्रित नमुना उतरवून घ्यावा, त्यातील एका व्याकरणविशेषाचे वर्णन करावे आणि त्याच परिसराच्या एखाद्या साहित्यकृतीत तो विशेष कसा आला आहे किंवा का आलेला नाही, हे तपासावे. 'टिपा लिहा' या प्रश्नाचे गुण या कामाला दिले, तर अभ्यासक्रमाचा भार वाढणार नाही.