उंबरठा आणि आमंत्रण : अतिमानवी प्रणयकादंबरीच्या परीक्षणाचे निकष

प्रस्तावना :

काही वर्षांपूर्वी पदवीच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘ग्रंथपरीक्षण’ हा प्रकल्प देण्यात आला होता. बहुतेकांनी अभ्यासक्रमातील किंवा पुरस्कारप्राप्त पुस्तके निवडली. एका विद्यार्थिनीने मात्र स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ या कादंबरीचे परीक्षण लिहून आणले. प्रस्तुत लेखकाने त्यावर ‘ग्रंथाची निवड अभ्यासाच्या दृष्टीने अयोग्य’ असा शेरा मारला आणि गुणही बेताचेच दिले. त्यावेळी ती कादंबरी लेखकाने वाचलेली नव्हती. पुढे ती वाचल्यानंतर जुन्या प्रकल्पांच्या गठ्ठ्यातून ते परीक्षण पुन्हा काढून पाहिले. त्यात एक वाक्य होते. नायक सर्व दृष्टींनी चांगला आहे, पण तो न विचारता खोलीत येतो आणि हे नायिकेला का खटकत नाही हे समजले नाही, अशा आशयाचे. ज्या प्रश्नावर एका लोकप्रिय कादंबरीमालेचे मूल्यमापन उभे राहू शकते, तो प्रश्न एकोणीस वर्षांच्या मुलीने विचारला होता. परीक्षकाने तो वाचूनही पाहिला नव्हता.

प्रस्तुत लेखाचा उगम या चुकीत आहे. अतिमानवी प्रणयकादंबरी, म्हणजे जिला सर्वत्र ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ म्हटले जाते ती कादंबरी, आणि तिला लागून असलेली अद्भुतरम्य कादंबरी यांचे परीक्षण कोणत्या निकषांवर करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रकाराची ओळख :

हा साहित्यप्रकार नवा वाटत असला तरी त्याची मुळे जुनी आहेत. जॉन पॉलिडोरी यांची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा १८१९ मध्ये, शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ १८७२ मध्ये आणि ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. या कृतींत रक्तपिपासू व्हॅम्पायर आकर्षक असला तरी मूलतः भयाचा विषय आहे. अ‍ॅन राइस यांच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ (१९७६) या कादंबरीत तोच स्वतःची व्यथा सांगणारा निवेदक झाला. शार्लेन हॅरिस यांच्या ‘डेड अन्टिल डार्क’ (२००१) आणि मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ (२००५) या कादंबऱ्यांपर्यंत येता येता तो प्रियकर झाला. भयविषयाचा प्रणयविषय होणे हा या प्रकाराच्या इतिहासातील निर्णायक बदल होय.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात अद्भुताची जी मीमांसा केली, तिच्यात वाचकाच्या संभ्रमाला केंद्रस्थान आहे. घडते ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याचा निर्णय लांबलेला असतो. अतिमानवी प्रणयकादंबरीत हा संभ्रम लवकर संपतो. प्रियकर मानव नाही हे नायिकेला कळते, ती ते स्वीकारते आणि तेथून खरी कथा सुरू होते. म्हणजे ‘हे खरे असू शकेल काय?’ हा या कादंबरीचा प्रश्नच नाही. ‘इतक्या विषम सामर्थ्याच्या दोन जीवांत प्रेम कसे शक्य होईल?’ हा तिचा प्रश्न आहे. परीक्षणानेही याच प्रश्नापासून सुरुवात करावयास हवी.

प्रचलित परीक्षणातील दोन दोष :

अशा कादंबऱ्यांविषयी जे लिहिले जाते त्यात दोन टोके आढळतात. पहिले टोक उपेक्षेचे आहे. मराठी समीक्षेत या उपेक्षेला परंपरा आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनंतर हरिभाऊ आपटे यांनी मराठी कादंबरीला वास्तवाकडे वळवले. हे वळण आवश्यकच होते. परंतु त्यातून वास्तव म्हणजे गंभीर आणि अद्भुत म्हणजे बालिश, असे एक समीकरण आपल्या अभ्यासक्रमांत रुजले. नारायण धारप यांच्यासारख्या लेखकाला पिढ्यान्‌पिढ्या वाचक लाभले, पण विद्यापीठीय समीक्षेत त्यांना त्या प्रमाणात जागा मिळाली नाही, हे त्याचेच फळ होय.

या उपेक्षेला आणखी एक पदर आहे. प्रणयकादंबरीचा वाचकवर्ग प्रामुख्याने स्त्रियांचा आहे, आणि तिच्याविषयीच्या तुच्छतेत या वाचकवर्गाविषयीची तुच्छता मिसळलेली असते. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथात अमेरिकेतील प्रणयकादंबरीच्या वाचक स्त्रियांशी प्रत्यक्ष संवाद साधला. घरकामाच्या आणि इतरांची काळजी वाहण्याच्या रहाटगाडग्यातून स्वतःसाठी काढलेला वेळ, असा त्या वाचनाचा अर्थ त्यांना आढळला. त्याच वेळी, वाचनाची कृती ही सौम्य प्रतिकाराची असली तरी वाचलेला आशय रूढ व्यवस्थेलाच बळ देतो, हा अंतर्विरोधही त्यांनी नोंदवला. वाचकाचा आदर आणि कृतीची चिकित्सा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचा हा वस्तुपाठ आहे.

दुसरे टोक भक्तीचे आहे. नायक किती मोहक, पुस्तक किती रात्रींत संपले, पुढचा भाग केव्हा येणार, एवढ्यावर हे परीक्षण थांबते. ते आस्वादाची पावती देते, आस्वादाचे कारण सांगत नाही. उपेक्षा करणारा पुस्तक वाचत नाही आणि भक्ती करणारा वाचलेल्याकडे मागे वळून पाहत नाही. दोघांच्याही हातून कृती निसटते.

नियमाचा निकष : उंबरठा

जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या परीकथांविषयीच्या व्याख्यानात दुय्यम विश्वाची कल्पना मांडली. लेखकाने निर्माण केलेल्या विश्वात त्या विश्वाचे नियम पाळले जातात तोवर वाचकाचा विश्वास टिकतो. ही सुसंगती हा अद्भुतरम्य कादंबरीचा प्राथमिक निकष मानला जातो आणि तो योग्यच आहे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते प्रणयकादंबरीच्या संदर्भात तो पुरेसा नाही. नियम पाळले गेले की नाही, याबरोबरच कोणता पारंपरिक नियम ठेवला आणि कोणता टाकला, हेही विचारले पाहिजे. लेखकाची नैतिक दृष्टी या निवडीत उघड होते.

व्हॅम्पायरकथेतील एक जुना नियम असा की, घरातील कोणी बोलावल्याखेरीज त्याला प्रथम त्या घरात प्रवेश करता येत नाही. ‘ड्रॅक्युला’मध्ये हा नियम व्हॅन हेल्सिंग या पात्राच्या तोंडून स्पष्ट होतो. वेड्यांच्या इस्पितळात ड्रॅक्युलाला आत घेतो तो रेनफील्ड हा रुग्ण आणि त्याची किंमत मोजावी लागते मिनाला. म्हणजे आमंत्रण एकाचे आणि हानी दुसऱ्याची, अशी नियमाची भीषण बाजूही स्टोकर यांनी दाखवली आहे. काहीही असले तरी अमर्याद बळाच्या पुरुषाला एका उंबरठ्यापाशी थांबावे लागते, ही या नियमातील मूळ गोष्ट आहे.

हॅरिस यांनी हा नियम ठेवला. त्यांची नायिका सूकी स्टॅकहाउस ही लुइझियानातील एका लहान गावात ग्राहकांना खाणेपिणे वाढण्याचे काम करते. तिला इतरांच्या मनातले ऐकू येते, फक्त व्हॅम्पायरांचे ऐकू येत नाही. त्यामुळे त्यांच्या सहवासात तिला शांतता लाभते. तिच्या आकर्षणाचे हे कारण रूपापेक्षा खोल आहे. येथे आमंत्रण दिले जाते तसे ते परतही घेता येते. मालेतील तिसऱ्या कादंबरीच्या, ‘क्लब डेड’च्या (२००३), शेवटी सूकी दोन व्हॅम्पायरांना दिलेले आमंत्रण मागे घेते आणि त्यांना निमूटपणे घराबाहेर पडावे लागते. शरीरबळात कितीतरी कमी असलेल्या स्त्रीचा शब्द येथे भिंतीसारखा उभा राहतो. जादूच्या नियमातून संमतीचा विचार याहून सहजपणे क्वचितच मांडला गेला असेल.

मेयर यांनी हा नियम टाकला. त्यांचा एडवर्ड हा १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरणाच्या दारी असताना व्हॅम्पायर झालेला, वरकरणी सतरा वर्षांचा युवक आहे. बेला झोपलेली असताना तो रात्री तिच्या खोलीत येऊन बसतो. हे तिला कळते तेव्हा रागावण्याऐवजी तिला ते सुखावणारे वाटते. विद्यार्थिनीने बोट ठेवले ते नेमके याच जागी. नियम गळाला त्याबरोबर नायिकेच्या हातातील एकमेव शस्त्रही गळाले.

मात्र पहिल्याच पुस्तकावर निकाल देणे न्याय्य होणार नाही. ‘एक्लिप्स’ (२००७) या तिसऱ्या भागात बेलाने जेकबला भेटू नये म्हणून एडवर्ड तिच्या गाडीच्या इंजिनातील एक भाग काढून घेतो. ती संतापते. त्या रात्री मी येऊ नये असे वाटत असेल तर खिडकी बंद ठेव, असे तो सांगतो. ती खिडकी धाडकन लावते आणि थोड्या वेळाने पूर्ण उघडते. टाकलेला नियम खिडकीच्या रूपाने कादंबरीत परत आला आहे. पुढे एडवर्ड आपली चूक मान्य करून तिला जेकबकडे जाऊ देतो. लेखिकेला प्रश्न जाणवलेला आहे, पण तिने तो उशिरा आणि अर्धवट हाताळला आहे, असे परीक्षकाने म्हणावयास हवे. कारण ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये (२००८) जेकबचे नवजात रेनेस्मीशी आयुष्यभराचे बंधन जडते, तेव्हा निवडीचा प्रश्न पुन्हा दैवाच्या स्वाधीन होतो.

लेखिकेचे उत्तर :

बेला ही सतत संकटात सापडणारी दुबळी स्त्री आहे, या आक्षेपाला मेयर यांनी कादंबरीनेच उत्तर दिले. ‘लाइफ अँड डेथ’ (२०१५) मध्ये नायिकेचा नायक झाला, नायकाची नायिका झाली आणि कथानकाचा सांगाडा बहुतांशी तोच राहिला, शेवट मात्र बदलला. दुबळेपण स्त्रीचे नसून मानवाचे आहे, हा त्यांचा प्रतिपक्ष होता. समीक्षेला अशी प्रयोगशाळा क्वचितच मिळते. या प्रयोगाने आक्षेपाचा एक भाग निश्चितच सैल होतो. परंतु दुबळे कोण हा आक्षेपाचा गाभा नव्हता. बलवानाने विचारावयाचे की नाही, हा गाभा होता. लिंग बदलल्याने तो प्रश्न सुटत नाही, केवळ अधिक स्पष्ट दिसतो. ‘मिडनाइट सन’ (२०२०) मध्ये हीच कथा एडवर्ड सांगतो. तेथे आपले वर्तन अनुचित असल्याची जाणीव त्याला बोचत राहते. पण अपराधभाव म्हणजे आमंत्रण नव्हे.

येथे एक प्रतिवाद संभवतो. स्वप्नरंजनात वाचक जे उपभोगतो ते त्याला प्रत्यक्षात हवे असतेच असे नाही, मग कादंबरीकडून शिष्टाचाराची अपेक्षा कशासाठी? हा मुद्दा बळकट आहे आणि वाचकाला अजाण समजणाऱ्या समीक्षेला तो योग्य उत्तर देतो. परंतु कादंबरीत अनुचित वर्तन असू नये, असे येथे म्हणावयाचे नाही. त्या वर्तनाची किंमत कादंबरीच्या विश्वात कोणी मोजते काय, एवढेच विचारावयाचे आहे. किंमत नसलेली जादू जशी कच्ची, तसेच परिणाम नसलेले अतिक्रमणही कच्चे. हा दोष आधी कलेचा आहे, नंतर नीतीचा.

बाणभट्टाची साक्ष :

ज्या मराठीत ‘नॉव्हेल’ला कादंबरी हे नाव मिळाले, त्या भाषेच्या अभ्यासकाने या प्रकाराला परका मानणे विशेष आश्चर्याचे आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाची आणि त्याच्या पुत्राने पूर्ण केलेली ‘कादंबरी’ ही जन्मजन्मांतरींच्या प्रेमाची, शाप-उःशापांची, चंद्राने मनुष्यजन्म घेण्याची कथा आहे. महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक मृत्यू पावतो आणि वैशंपायन म्हणून पुन्हा जन्मतो. पूर्वजन्मीच्या ओढीने तो तिच्यापाशी येतो आणि नकार न जुमानता प्रेमयाचना करत राहतो. ती त्याला ओळखत नाही. ती त्याला पोपट होण्याचा शाप देते. तो तिचाच नियत प्रियकर होता हे पुढे कळून ती शोक करते, पण शाप फळतो तो फळतोच.

नियतीने जोडलेला प्रियकर असला तरी न विचारता पुढे आल्यास त्याला किंमत मोजावी लागते, अशी या प्रसंगाची रचना आहे. बाणपरंपरेने आधुनिक संमतिविचार मांडला असा दावा येथे करावयाचा नाही. महाश्वेतेच्या क्रोधामागे पातिव्रत्याची त्या काळची कल्पना आहे, हे स्पष्टच आहे. तरीही तिच्या शब्दात सामर्थ्य आहे आणि कथानक त्या सामर्थ्याचा मान राखते. सूकीच्या मागे घेतलेल्या आमंत्रणाची आणि महाश्वेतेच्या शापाची जात एक आहे. बेलाची खिडकी त्यांच्या जवळ येते, पण उघडीच राहते.

निष्कर्ष :

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, अतिमानवी प्रणयकादंबरीचे परीक्षण संभाव्यतेच्या निकषावर करणे म्हणजे तिच्या प्रश्नाला बगल देणे होय. दोन, विश्वाच्या नियमांची सुसंगती तपासतानाच लोकपरंपरेतील कोणते नियम लेखकाने राखले आणि कोणते वगळले, हे पाहणे आवश्यक आहे. तीन, विषम सामर्थ्याच्या प्रेमात दुबळ्याच्या शब्दाला कथानकात काय वजन आहे, हा या प्रकाराचा मध्यवर्ती निकष ठरावा. चार, मालिकेचे मूल्यमापन संपूर्ण मालिका वाचूनच करावे.

अखेरीस, आपल्या वर्गातील विद्यार्थी ही पुस्तके आपल्या अनुमतीची वाट न पाहता वाचत असतात. त्यांच्याशी त्याविषयी बोलावयाचे असेल तर प्रथम ती वाचली पाहिजेत. त्या विद्यार्थिनीचे गुण आता बदलता येणार नाहीत. तिचा प्रश्न मात्र प्रस्तुत लेखक आजही प्रत्येक नव्या तुकडीपुढे ठेवतो आणि तो आपला नाही, हेही सांगतो.