थोरियम : इंधन की इंधनाचा कच्चा माल? – एक चिकित्सा

प्रस्तावना :
भारतातील अणुऊर्जाविषयक लेखनात थोरियमचा उल्लेख बहुधा साठ्यांच्या आकड्यांनी सुरू होतो आणि ऊर्जास्वावलंबनाच्या ग्वाहीने संपतो. केरळ, तमिळनाडू व ओडिशा येथील किनारी वाळूतील मोनाझाइटमध्ये हे मूलद्रव्य विपुल आहे, हे निर्विवाद होय. परंतु 'साठा म्हणजेच इंधन' हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थोरियमचे स्वरूप :
थोरियम-232 स्वबळावर विखंडनाची साखळी चालवू शकत नाही. न्यूट्रॉन शोषल्यावर त्याचे थोरियम-233, त्यानंतर प्रोटॅक्टिनियम-233 (अर्धायुकाल सुमारे 27 दिवस) आणि अखेरीस युरेनियम-233 मध्ये रूपांतर होते. खरे इंधन हे शेवटचे द्रव्य होय. त्यासाठी लागणारे न्यूट्रॉन प्रारंभी युरेनियम-235 किंवा प्लुटोनियम यांच्याकडूनच मिळवावे लागतात. विरजणावाचून दुधाचे दही होत नाही, तसेच हे आहे. डॉ. होमी भाभा यांनी 1954 मध्ये मांडलेल्या त्रिस्तरीय कार्यक्रमाचे मर्म याच क्रमात आहे : तारापूरच्या 3 व 4 क्रमांकांच्या भट्ट्यांसारख्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून प्लुटोनियम, त्यावर चालणाऱ्या शीघ्र प्रजनक भट्ट्या आणि त्यानंतर थोरियम.

अनुभवाची साक्ष :
अमेरिकेतील शिपिंगपोर्ट येथे 1977 ते 1982 या काळात थोरियम व युरेनियम-233 यांचा गाभा चालविण्यात आला. अखेरीस विखंडनक्षम द्रव्य सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढलेले आढळले. तत्त्व सिद्ध झाले. त्याचबरोबर वाढीची मंद गतीही स्पष्ट झाली. कल्पाक्कम येथील 'कामिनी' ही युरेनियम-233 वर आधारित भट्टी 1996 मध्ये कार्यान्वित झाली. तिची क्षमता मात्र 30 किलोवॅट इतकीच आहे. तेथीलच 500 मेगावॅटच्या आद्यरूप शीघ्र प्रजनक भट्टीचे बांधकाम 2004 मध्ये सुरू झाले. गाभाभरणाच्या आरंभास मार्च 2024 उजाडला. शिवाय युरेनियम-233 सोबत तयार होणाऱ्या युरेनियम-232 च्या क्षयातून तीव्र गॅमा प्रारण बाहेर पडते. त्यामुळे पुनर्प्रक्रिया व इंधननिर्मिती जाड कवचाआड, दूरनियंत्रणाने करावी लागते.

निष्कर्ष :
थोरियमविषयक आशावाद निराधार नाही. त्याची मांडणी अपुरी आहे. या कार्यक्रमाची गती वाळूतील साठ्यावर नव्हे, तर उपलब्ध प्लुटोनियम व पुनर्प्रक्रियेची क्षमता यांवर ठरते. अध्यापनात व लोकप्रिय लेखनात साठ्याच्या आकड्यासोबत हा क्रमही सांगितला गेला पाहिजे. अन्यथा विलंब नेमका कोणत्या टप्प्यावर व का झाला, हा प्रश्न विचारण्याचे साधनच नागरिकांच्या हाती राहणार नाही.