बारगीर आणि निजलेले मूल

बंगाली भाषेतील जे अंगाईगीत आज सर्वाधिक लोकांच्या तोंडी आहे त्यात मराठे येतात, ही गोष्ट मराठी वाचकाने कुठे ना कुठे ऐकलेली असते. मराठीत तिचा निर्देश होतो तो बहुधा दोन प्रकारे. कोणी पराक्रमाचा दूरस्थ पुरावा म्हणून तिचा उल्लेख करतो, तर कोणी इतिहासाच्या माथी बसलेला डाग म्हणून. ह्या दोन्ही दृष्टींना ते गीत एक रचना म्हणून वाचण्याची गरज भासत नाही. 'बर्गी' हा एक शब्द हाती लागला की त्यांचे काम संपते. वस्तुतः त्या गीताचे मर्म त्या शब्दात नाही. तो शब्द ज्या जागी आला आहे, त्या जागेत ते आहे.

गीताचा आशय थोडक्यात सांगता येतो. मूल झोपी गेले, आळी शांत झाली, आणि मग देशात बर्गी आले. धान बुलबुलांनी फस्त केलेले आहे. आता सारा कशाने भरावा, असा प्रश्न पडतो. पुढे प्रचलित असलेल्या कडव्यात धानही सरले, पानही सरले असे सांगून, लसूण लावली आहे तेव्हा थोडे दिवस थांबावे, अशी विनवणी येते. एवढाच मजकूर. चाल संथ आहे, शब्द लहान आहेत, आणि पाळण्याच्या झोक्याशी त्यांचा मेळ इतका सहज बसतो की अर्थाकडे लक्ष जाऊ नये.

परंतु क्रम पाहावा. भीती घालून मुलाला निजविण्याची रीत सर्वत्र आहे. मराठी घरातला बागुलबुवा त्यासाठीच असतो. तो दाराबाहेर उभा राहतो, मूल डोळे मिटत नाही तोवर उभा राहतो, आणि मूल निजताच त्याचे प्रयोजन संपते. बर्गी ह्या जातीचा नाही. तो येतो तो मूल निजल्यानंतर. ज्याला भिववायचे तो श्रोता आधीच निजलेला आहे. मग हे पुढचे शब्द कोणासाठी? पाखरांनी खाल्लेले धान आणि न भरलेला सारा ह्या तान्ह्या मुलाच्या चिंता नव्हेत. पहिल्या दोन चरणांत मुलाला थोपटणारी स्त्री तिसऱ्या चरणापासून स्वतःशी बोलू लागली आहे, आणि चाल न बदलल्यामुळे हा पालट कोणाच्या ध्यानात येत नाही. अंगाईगीत हे मुलासाठी असते ह्या समजुतीला ह्या गीताने दिलेला हा छेद सूक्ष्म आहे, आणि त्याचे वाङ्मयीन मोल तेथेच आहे.

इतिहास येथे जरूर तेवढाच पाहणे बरे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून गेला. पावसाळा संपण्याच्या सुमारास, ऐन दुर्गापूजेच्या दिवसांत, अलीवर्दीखानाने काटव्याजवळ त्याच्यावर छापा घातला. १७४४ मध्ये मानकऱ्याच्या मुक्कामी वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून त्याला मारण्यात आले. तरीही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने ओरिसा व्यवहारतः भोसल्यांकडे गेला आणि सालीना १२ लाख रुपये चौथाई म्हणून द्यावयाचे ठरले. ती चौथाई भरून काढण्यासाठी अलीवर्दीने मराठ्यांच्याच नावाने एक जादा पट्टी जमीनदारांवर बसविली, आणि जमीनदारावरची पट्टी अखेर कोणाच्या कोठारातून निघते हे सांगावयास नको. गीतातील स्त्रीने पाखरू, स्वार आणि सारा ह्यांना एका दमात उच्चारले, ह्यात निरर्थक बडबडीचा भाग वाटतो तितका नाही. तिघेही एकाच राशीवर उतरलेले आहेत. बर्गी लुटून नेतो हे तिने म्हटलेलेच नाही. सारा कशाने भरावा एवढेच ती विचारते, आणि तो सारा मागणारा कोण, हे अनुक्त ठेवते.

ह्याच काळातील गंगारामाचे 'महाराष्ट्रपुराण' ह्या गीताशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. १७५१ चा उल्लेख असलेल्या ह्या काव्याचा 'भास्कर-पराभव' एवढाच खंड उपलब्ध आहे. पळून जाणाऱ्या लोकांचे त्यात केलेले वर्णन प्रसिद्धच आहे. ब्राह्मण पोथ्यांचे ओझे घेऊन निघतात, सोनार काटा घेऊन निघतो, गरोदर स्त्रिया वाटेतच प्रसूत होतात. गंगारामाने ह्या अनर्थाला पौराणिक चौकट दिली आहे. पृथ्वीवर पाप वाढले म्हणून शिवाने शाहूकरवी हा दंड घडविला, आणि पुढे मराठ्यांनीच अत्याचाराची सीमा ओलांडल्यावर देवी त्यांच्यावर कोपली. चौकट मिळाली की दुःखाला अर्थ येतो. अंगाईगीत रचणाऱ्या अनामिकेपाशी अशी चौकट नाही. तिला कारण नको आहे, मुदत हवी आहे. लसूण उगवेपर्यंतची. गंगारामाच्या काव्यापेक्षा हे गीत अधिक खोल जाते असे म्हणण्याचे धाडस केले, तर त्याला आधार हा आहे.

आता कलकत्त्याकडे वळावे, कारण ह्या गीतांचे पुस्तक तेथे झाले. त्या शहराने बर्गी कधी पाहिला नाही. १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने तेथे खंदक खणावयास घेतला गेला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल झाल्यावर काम थांबले, आणि ज्यांच्यासाठी तो खणला ते आलेच नाहीत. १७९९ मध्ये तो बुजवून त्याच्या बऱ्याचशा भागावर सर्क्युलर रोड झाला. भय बर्दवान, बीरभूम, मेदिनीपूर इकडच्या खेड्यांनी भोगले; ते गाणे छापखान्यात आणले कलकत्त्याने, दीडशे वर्षांनंतर.

त्या आणण्यात रवींद्रनाथांचा वाटा पहिला. १८९४ मध्ये 'साधना' मासिकात त्यांचा जो निबंध आला त्याचे नाव 'मेयेली छडा' असे होते, म्हणजे बायकांची गाणी. तोच निबंध १९०७ च्या 'लोकसाहित्य' ह्या पुस्तकात 'छेलेभुलानो छडा' म्हणून आला, म्हणजे मुले रिझविण्याची गाणी. नाव बदलताना गाणारीच्या जागी ऐकणारा आला. निबंधाचा रोख मात्र दोन्ही वेळी रसाकडेच आहे. ह्या गाण्यांतून भाषेचा वा समाजाचा इतिहास काढता येईल, पण त्यांतील सहज काव्यरसच अधिक प्रिय, अशी त्यांची भूमिका. मेघांसारखी आपोआप जमणारी आणि विरणारी चित्रे त्यांनी त्यांत पाहिली. सासरी जाणाऱ्या लेकीचे दुःख त्यांच्या नजरेतून सुटलेले नाही, हे आवर्जून नोंदविले पाहिजे. तरीही जेथे चित्रांचा ओघ तुटतो आणि साऱ्याचा हिशेब सुरू होतो, तेथे मेघांची उपमा पुरी पडत नाही.

१८९९ मध्ये योगींद्रनाथ सरकारांचे 'खुकुमणिर छडा' रामेंद्रसुंदर त्रिवेदींच्या प्रस्तावनेसह निघाले, आणि ही गाणी निःसंशय बालवाङ्मयाच्या दालनात गेली. ह्यात काही गैर झाले असे नाही. तसे झाले नसते तर कित्येक गाणी नाहीशी झाली असती. परंतु पुस्तक झाले म्हणजे चित्र येते आणि चित्राला दिवा लागतो. अंगाईचे राज्य दिवा मालविल्यावर सुरू होते. चित्रकाराने घोड्यावरचा भालाईत काढला की बर्गी मुलाच्या मालकीचा होतो. तो मजेदार तरी होतो किंवा भयंकर तरी. न भरलेल्या साऱ्याचे चित्र काढता येत नाही. ते बिचारे पानाबाहेर राहते.

निजण्याच्या वेळेचे वाङ्मय निजविण्यासाठीच असते हाही एक गैरसमज आहे, आणि तो दूर करण्यास उपेंद्रकिशोर रायांच्या 'टुनटुनिर बोई' (१९१०) ह्या पुस्तकाची छोटीशी प्रस्तावना पुरेशी आहे. संध्याकाळी मुले न जेवताच झोपू लागतात, तेव्हा पूर्व बंगालच्या काही भागांतील स्त्रिया ह्या गोष्टी सांगून त्यांना जागे ठेवतात, असे ते सांगतात. हाफटोन छपाईत ज्यांनी स्वतः शोध लावले अशा ह्या कारागिराने चित्रपुस्तकासाठी निवडल्या त्या जागविणाऱ्या गोष्टी, हे त्याच्या जाणिवेचे द्योतक आहे. दिव्याचे वाङ्मय आणि अंधाराचे वाङ्मय ह्यांतला फरक त्याला कळला होता.

अवनींद्रनाथांच्या 'क्षीरेर पुतुल' (१८९६) मध्ये तर निजेचे प्रयोजनच उघडे केले आहे. षष्ठीदेवी निजविणाऱ्या मावशी-आत्यांना बोलावते, त्यांच्या मायेने सारा मुलूख झोपतो, आणि मग ती भुकेली देवी खव्याचा बाहुला खाऊन टाकते. सारे निजले म्हणजे जागी असलेली बाई काय करते, ह्या प्रश्नाचे हे विनोदी उत्तर आहे. बर्गीच्या गीतात त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर आहे: ती हिशेब करते.

मराठी समीक्षेला हे ओळखणे जड जाऊ नये. साने गुरुजींनी ओव्या जमविल्या तेव्हा तान्ह्या बाळाच्या ओव्याही त्यांनी 'स्त्री जीवन' ह्या नावाखालीच घेतल्या. कलकत्त्याने मुलाच्या नावाने जे ठेवले ते येथे बाईच्या नावाने राहिले, आणि हे वर्गीकरण अधिक खरे आहे. ह्याच्या उलट मराठी पाळणा पुष्कळदा राम-कृष्ण-शिवबांच्या जन्मोत्सवात रमतो. त्यात मूल मोठे होते, आई मात्र दिसेनाशी होते. मराठीतील बंगाली अंगाईचा खरा सोबती पाळणा नव्हे, जात्यावरची ओवी होय.

येथून भाषांतराचा प्रश्न उभा राहतो. हे गीत मराठी मुलांच्या पुस्तकात घ्यावयाचे झाल्यास 'बर्गी'चे काय करावे? चोर, दरोडेखोर, शत्रू असा सोयीचा शब्द घालण्याचा मोह होईल, आणि त्याला शालीनतेचे नावही देता येईल. तो मोह टाळला पाहिजे. बर्गी म्हणजे आपलाच बारगीर. शिलेदाराचे घोडे स्वतःचे असे; बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. म्हणजे गीतात येणारा स्वार स्वतःच्या घोड्याचाही धनी नाही. बंगालीत ह्या शब्दाला फक्त दहशत उरली. मराठीत त्याची ही दुसरी, हलाखीची बाजू अजून ऐकू येते, आणि मूळ बंगालीत नसलेला हा अर्थ भाषांतरात आपोआप येईल. 'धान' हा शब्दही बदलावा लागणार नाही. ज्या भोसल्यांच्या राज्यातून हे स्वार निघाले त्याच राज्यात, वैनगंगेच्या काठी, भात पिकविणारा शेतकरी त्याला धानच म्हणतो. 'खाजना'ला 'सारा' आहे. अवघड एकच आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांमधली ती अबोल जागा, जेथे थोपटणारा हात तसाच चालू राहतो आणि बोलणे मुलाशी राहत नाही. तेथे कोणतेही उभयान्वयी अव्यय घालू नये.