‘डायकॉन’ लघुपट : हौशी आदरांजलीचे सामर्थ्य आणि मर्यादा

प्रास्ताविक

एखाद्या कलाकृतीवर निरतिशय प्रेम करणारा रसिक स्वतः निर्मितीस प्रवृत्त होतो, तेव्हा त्याच्या निर्मितीला कोणते निकष लावावेत? ‘हौशी’ म्हणून तिला सवलत द्यावी, की स्वतंत्र कलाकृती म्हणून तिची परीक्षा करावी? जपानी ॲनिमेशनच्या इतिहासात हा प्रश्न ‘डायकॉन ३’ (१९८१) आणि ‘डायकॉन ४’ (१९८३) या दोन लघुपटांनी ठळकपणे उभा केला आहे. आदरांजलीपर कलाकृतीचे मूल्य तिच्या तांत्रिक कौशल्यावर अथवा संदर्भांच्या संख्येवर ठरत नाही. मूळ कलाकृतींकडून घेतलेल्या सामग्रीचे ती काय करते, यावर ते ठरते, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात या लघुपटांचे मूल्यमापन केले आहे.

पार्श्वभूमी

जपानचे राष्ट्रीय विज्ञानकथा संमेलन ओसाका येथे भरते, तेव्हा त्यास ‘डायकॉन’ म्हटले जाते. ओसाका या नावातील ‘मोठा’ या अर्थाच्या अक्षराचा ‘दाइ’ हा पर्यायी उच्चार आणि ‘कन्व्हेन्शन’ या शब्दाचे संक्षिप्त रूप यांतून हे नाव तयार झाले. जपानी भाषेत ‘दाइकॉन’ म्हणजे पांढरा मुळा. या श्लेषावरच पहिल्या लघुपटाची रचना उभी आहे. हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा व ताकामी अकाई हे ओसाका कला विद्यापीठातील विद्यार्थी या निर्मितीत अग्रभागी होते. ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ (१९७४) आणि ‘मोबाइल सूट गंडम’ (१९७९) या मालिकांनी, तसेच गॉडझिला व अल्ट्रामॅन यांच्या चित्रपट-मालिकांनी घडविलेली ही पिढी होती.

दोन लघुपटांची तुलना

‘डायकॉन ३’मध्ये पाठीवर दप्तर घेतलेल्या एका शाळकरी मुलीवर पेलाभर पाणी मुळ्यापर्यंत पोहोचविण्याची कामगिरी सोपविली जाते. वाटेत राक्षस, यंत्रमानव व अंतराळयाने तिला अडवितात. अखेरीस पाणी मिळालेला मुळा अंतराळयान बनतो. आठ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेल्या या लघुपटातील रेखाटन अनेक ठिकाणी अस्थिर आहे. मात्र त्याला कथासूत्र आहे. प्रेक्षकाला संदर्भ ओळखू आले नाहीत तरी पेल्यातील पाण्याची काळजी त्याला वाटत राहते.

‘डायकॉन ४’मध्ये तीच मुलगी तरुणी होऊन सशाचे कान असलेल्या तोकड्या पोशाखात अवतरते, डार्थ व्हेडरशी लढते आणि तलवारीवर उभी राहून आकाशातून विहार करते. दरम्यानच्या काळात आन्नो व यामागा यांनी ‘मॅक्रॉस’ (१९८२-८३) या व्यावसायिक मालिकेसाठी काम केले होते. गती, स्फोट व धूर यांच्या रेखाटनात त्या अनुभवाची परिणती स्पष्ट दिसते. इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘ट्वायलाइट’ या गीताशी दृश्यांचा मेळ थक्क करणारा आहे. तथापि येथे नायिकेपुढे कोणतीही कामगिरी नाही. संदर्भामागून संदर्भ येतात. त्यांना बांधणारे सूत्र गीताच्या लयीखेरीज अन्य कोणतेही नाही. कौशल्य वाढले, पण रचना सैल झाली, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

हिरोकी अझुमा यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ओटाकू, म्हणजेच ॲनिमे-मांगाच्या निस्सीम चाहत्यांच्या, संस्कृतीचे विवेचन करताना असे दाखविले की, हा ग्राहक संपूर्ण कथेऐवजी तिच्यातील सुट्या घटकांच्या संचयाचा उपभोग घेतो. ‘डायकॉन ४’ हे या प्रवृत्तीचे पूर्वचिन्ह ठरते. पात्रे आपापल्या कथांमधून सुटी होऊन येथे केवळ ओळख पटण्याच्या आनंदासाठी एकत्र येतात. नायिकेचा पोशाखही असाच उचललेला घटक आहे. पहिल्या लघुपटातील कर्तृत्ववान बालिकेचे दुसऱ्यात प्रेक्षणीय देहात झालेले रूपांतर कथेच्या कोणत्याही गरजेतून आलेले नाही.

स्फोटाचे दृश्य

लघुपटाचा सर्वाधिक विवाद्य भाग म्हणजे नगराचा विध्वंस करणारा स्फोट, त्यातून उसळणाऱ्या चेरीच्या पाकळ्या आणि त्यानंतर जन्म घेणारी नवी सृष्टी. ताकाशी मुराकामी यांनी २००५ साली न्यूयॉर्क येथे भरविलेल्या प्रदर्शनाला हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बचे ‘लिटल बॉय’ हे नाव दिले आणि त्या निमित्ताने या दृश्याचा अणुस्फोटाच्या स्मृतीशी संबंध जोडला. हे वाचन मोलाचे आहे. परंतु त्यामुळे लघुपटाला आपोआप गांभीर्य प्राप्त होत नाही. या स्फोटात एकही मृत माणूस दिसत नाही. हिरोशिमानंतर अवघ्या ३८ वर्षांनी विध्वंस हा निव्वळ नेत्रसुखाचा विषय झाला, ही बाब अस्वस्थ करणारी आहे. त्याचबरोबर हे दृश्य संपूर्ण लघुपटातील एकमेव असे स्थळ आहे, की जेथे उसनी सामग्री मागे पडून निर्मात्यांची स्वतःची कल्पना पुढे येते. म्हणूनच ते सदोष असूनही अविस्मरणीय ठरते.

समारोप

पात्रांचे व गीतांचे हक्क निर्मात्यांकडे नसल्याने या लघुपटांचे रीतसर व्यापक वितरण होऊ शकले नाही. तरीही त्यांचा प्रभाव टिकून राहिला. २००५ सालच्या ‘देन्शा ओतोको’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकदृश्याने ‘डायकॉन ४’लाच आदरांजली वाहिली. या गटातून १९८४ साली गायनॅक्स ही संस्था उभी राहिली; २०२४ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. गायनॅक्सचा पहिला चित्रपट, यामागा दिग्दर्शित ‘विंग्ज ऑफ होनेआमिझ’ (१९८७), या संदर्भात विशेष सूचक आहे. त्यात उसने पात्र एकही नाही. नाणी, गणवेश, वाहने यांसह एक संपूर्ण काल्पनिक संस्कृती नव्याने रचलेली आहे. आदरांजलीची मर्यादा तिच्या निर्मात्यांनीच आपल्या पुढील निर्मितीतून ओलांडली. अनुकरण ही निर्मितीची पहिली शाळा असू शकते. मात्र शाळेत रमणे आणि शाळेतून बाहेर पडणे यांतील अंतर दाखवून देणे, हेच समीक्षेचे कार्य होय. हौशी निर्मितीला सवलत देऊन हे कार्य साधत नाही. ते तिची परीक्षा गांभीर्याने घेतल्यानेच साधते.